दादाच्या सात गिटारी

माझा थोरला भाऊ पंपांच्या कारखान्यात लेथवर होता. तिथे त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे, कारण घरच्या दाराची कडी बसवायची तरी हा मोजमाप घेत तासभर उकिडवा. निवृत्त झाल्यावर चारचौघांसारखं बागेत चकरा माराव्यात की नाही? दादाने गिटार करायला घेतली. मरायच्या आधी एक तरी वाद्य असं करायचं की ऐकणाऱ्याने हातातलं काम सोडून वर बघावं, हा एकच ध्यास. त्यातून त्याचा जावई गिटार वाजवणारा. मग काय, विचारूच नका.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे गिटारीच्या बाजू वाकवणं. अक्रोडाची लांब पट्टी आदल्या दिवशी मोरीत भिजत घालायची. मग स्वयंपाकघरात शेगडीवर लोखंडी नळी आडवी कसायची, ती तापली की ओली पट्टी तिच्यावर टेकवून दोन्ही हातांनी हळूहळू दाबत न्यायची. वाफ निघते, लाकूड जरासं नमतं, तेवढ्यात गिटारीची कंबर, म्हणजे मधला आत गेलेला भाग, वळवून घ्यायची. घाई केली की कडाड! पहिल्या तीन पट्ट्या अशाच गेल्या आणि दादाने हाय खाल्ली. तेव्हापासून तो पट्टी जाडच ठेवायला लागला. वळताना जीव काढायची, पण तुटायची नाही. वहिनी ओलं फडकं घेऊन शेजारी उभी, एक डोळा दुधावर. दूध कैकदा उतू गेलं, एकदा खिडकीचा पडदा पेटला, पण ती हूं की चूं करायची नाही.

पहिली गिटार जावयाला दिली. त्याने दोन मिनिटं वाजवली आणि म्हणाला, "बाबा, काय गोड आवाज लागलाय!" त्याची बायको, म्हणजे दादाची लेक, माझी भाची, म्हणाली, "खरंच हो बाबा." वहिनीने डोळे पुसले. दादाचे पाय जमिनीला लागेनात. मग एकीमागून एक अशा आणखी सहा केल्या, सगळ्या हुबेहूब पहिलीसारख्या. चांगली झालेली गोष्ट कोण कशाला बदलेल? त्या सहाही जावयाच्या मित्रांनी हौसेने नेल्या, असं आम्हाला सांगितलं गेलं. गेल्या वर्षी दादाचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी विस्तव आणि हत्यारं बंद केली. मला वाटलं खचेल, पण हा हसून म्हणाला, "असू दे. जावई माझी गिटार घेऊन स्टेजवर बसतो. झालं माझं काम."

आणि मग जावयाचा तो कार्यक्रम. सभागृह भरलेलं. त्याने माईक ओढून सांगितलं, "ही गिटार माझ्या सासऱ्यांनी स्वयंपाकघरात घडवली आहे." टाळ्या झाल्या. मी दादाला कोपराने ढोसलं. तो पुढे वाकून डोळे बारीक करून बघत होता.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

"काहीतरीच काय! रंग तोच आहे की."

"कंबर बघ. दोन्हीकडे अगदी सारखी आहे. माझी डावी बाजू नेहमी जरा फुगते. ही यंत्रावर वळवलेली आहे."

मी म्हटलं, म्हातारा झालास. पुढचा सगळा कार्यक्रम तो खाली मान घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मला आणि वहिनीला घेऊन भाचीकडे गेला. चहा नको म्हणाला. "माळा उघड," एवढंच बोलला. भाचीने आईकडे पाहिलं, आई भिंतीकडे बघायला लागली. तिथेच मला कळलं की घरात हे दादा आणि मी सोडून सगळ्यांना माहीत आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ना, म्हणून मला बाहेर ठेवलं होतं! माळ्यावर जुन्या गोधड्यांमध्ये गुंडाळलेल्या सातही गिटारी होत्या. एकही कुणी नेली नव्हती.

दादाने पहिली काढून जावयाच्या हातात दिली. "तारा लाव आणि वाजव. खरं वाजव."

तो वाजवायला लागला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तोंडावर उशी ठेवून बोलावं तसा तो आवाज होता. दादाने शेवटपर्यंत ऐकलं.

"कशामुळे?"

"बाजू जाड आहेत, बाबा," जावई खाली बघून म्हणाला. "पाठही. थोडं तासलं असतं तर आवाज मोकळा झाला असता."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिलीपासून."

वहिनी मध्ये पडली. "अहो, तुम्ही इतके खूश होतात. कुणाची जीभ वळणार? तुमचं मन मोडायचं नव्हतं आम्हाला."

दादा तिच्यावर कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही नाही चढवला. "अगं, मोडू द्यायचं होतं. चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो. मग आणखी चार पट्ट्या फोडून पातळ वळवायला शिकलो असतो. तेव्हा हात चांगले होते माझे."

वहिनी रडायला लागली. भाची पाण्याचा पेला घेऊन धावली आणि मला म्हणाली, "आत्या, तू तरी समजाव ना बाबांना." मी जागची हलले नाही.