पपईचा चीक

कॅन खाली ठेवण्याआधी मावशी सावली शोधायच्या. मग म्हणायच्या, "उन्हात नगा ठिवू, साहेब. मरतो त्यो."

तो म्हणजे कच्च्या पपईचा चीक. वाळूजच्या एका लहान कारखान्यात आम्ही तो वाळवून भुकटी करायचो. मी तिथला केमिस्ट. दौलताबादकडच्या एका बागेत मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ फळांना चिरा पाडून चीक धरायच्या.

दुष्काळाची वर्षं. गावात टँकर तीन-चार दिवसांनी यायचा, तरी कॅनभोवतीचं गोणपाट ओलं असायचं. "प्यायला पुरतं का?" मी एकदा विचारलं. "भागवतो," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या बोटांची सालं निघालेली असायची. "माणसाला खातो, मंग सवता कसा संपत नाय?"

मी सांगितलं, चिकात एन्झाइम असतं. प्रथिनांच्या लांब साखळ्या ते कापतं, पण कात्रीसारखं स्वतः तसंच राहतं. फार तापलं की मात्र त्याचा आकार बिघडतो, मग काही कापता येत नाही.

"आन् निवल्यावर?"

"उकडलेलं अंडं निवल्यावर कच्चं होतं का, मावशी?"

त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

एका उन्हाळ्यात त्यांच्या चिकाची भुकटी तपासणीत नापास झाली. कोमट दुधात टाकली की बघता बघता दूध घट्ट व्हायला हवं. ते तसंच पातळ राहिलं. कारण मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी ड्रायर लावून मी जेवायला गेलो आणि गप्पांत रमलो. परतलो तेव्हा काटा नव्वदच्या पुढं गेलेला.

मालकांनी विचारलं. मी म्हणालो, "चिकात पीठ कालवलेलं असावं."

तुम्ही म्हणाल, तपासता आलं असतं. आलं असतं. आयोडिनचा एक थेंब पुरला असता; पीठ असतं तर निळं पडलं असतं. मी बाटलीला हात लावला नाही.

त्यांचा चीक बंद झाला. मावशी भांडल्या नाहीत. "तुमची तपासणी खोटी कशी आसंल," म्हणाल्या. "घरातच बघते आता."

धीर करून त्या बागेकडं जायला मला दोन वर्षं लागली. झाडं नव्हती. प्लॉट पाडले होते, एका घराचं बांधकाम चाललं होतं, आणि धाकटी जाऊ नव्या भिंतीवर पाणी मारत होती. मावशी काविळीनं गेल्याचं तिनं सांगितलं.

"शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी नाय घेतलं. म्हणायच्या, पीठ तूच कालवलं."

"पीठ नव्हतंच," मी म्हणालो. "चूक माझी होती."

तिनं नळी खाली ठेवली.

"मंग हे त्यांना का नाय सांगितलं, साहेब?"