आमच्या विहिरीची बाटली

फुकट हा शब्द कानावर पडला की माझ्या कपाळाला आजही आठी पडते. माझी पोरं हसतात. म्हणतात, आई, तुला कुणी मोफत हवा दिली तरी तू आधी हुंगून बघशील. बघेनच. मी ज्या घरात वाढले तिथं आधी ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, असं विचारायचं आणि मगच हात पुढे करायचा, अशी रीत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सेनगाव तालुक्यातला आमचा भाग सगळा डोंगराचा आणि दगडगोट्यांचा. एके दिवशी गोरेगावकडून भोंगा लावलेली जीप आली. शाळेच्या मैदानात तीन दिवस मेळावा आहे, गाणी आहेत, चित्रं आहेत, विज्ञानाचे प्रयोग आहेत, डोंगरावर फिरायला नेणार आहोत आणि सगळं मोफत, असं आतला माणूस घसा ताणून सांगत होता. शेवटचा शब्द ऐकला आणि अख्ख्या गावाचे कान टवकारले.

मग काय, तर्क सुरू झाले. पारावरच्या मंडळींनी ठरवून टाकलं की हे नसबंदीवाले आहेत, गाण्याच्या नावाखाली माणसं गोळा करतील आणि परस्पर दवाखान्यात नेतील. तांड्यावरची माणसं म्हणाली, यांना डोंगर कशाला चढायचाय? जमीन मोजायला आलेत, आमची शेतं जंगलात घालतील. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीला तर शाळेच्या स्टेजवर गायचं बोलावणंच आलं. माझा बा त्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. आजवर त्या स्टेजवर आम्हाला कुणी चढवलं नव्हतं, त्यामुळं खूश व्हायचं सोडून बा दिवसभर एकच बोलत राहिला, की आत्ताच कशी आठवण झाली यांना आमची.

पण खरा घोर लागला तो पाण्यानं. मेळाव्यातली एक ताई वस्तीवस्तीत फिरून बाटल्या वाटत होती. शहरातली, कॉलेजात शिकवणारी, बोलायला गोड. बाटलीत औषध लावलेला कागद होता आणि बाहेर विहिरीचं नाव चिकटवलेलं होतं. आपापल्या विहिरीचं पाणी भरून द्यायचं, बाटल्या मैदानातल्या टेबलावर मांडून ठेवणार. शेवटच्या दिवशी जी बाटली काळी पडेल तिचं पाणी पिण्यालायक नाही, असं समजायचं. ताई निघून गेली आणि माझ्या मायच्या तोंडाचा रंगच उडाला.

ही विहीर म्हणजे मायचा जीव होता. ती लग्न होऊन आली तेव्हा वस्तीला विहीर नव्हती. गावच्या विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणाला दया येईल तेव्हा तो वरून पाणी ओतणार, आणि ओतताना दोन शब्दही ऐकवणार. माझा थोरला भाऊ पोटात असताना तिनं या आमच्या विहिरीची माती डोक्यावरून वाहिली होती. सगळ्या वस्तीनं मिळून खणलेली विहीर. तिला पाणी लागलं त्या दिवसापासून माय गावच्या विहिरीच्या वाटेनंसुद्धा गेली नाही. फेरा घेऊन जायची, पण त्या वाटेनं नाही.

आता भर मैदानात, सगळ्या गावासमोर, आमच्या विहिरीच्या नावाची बाटली काळी पडली तर? सरपंच विहीर बंद करायला मोकळे. वस्तीतल्या बायांचं म्हणणं पडलं की पाणी द्यायचंच नाही. माय म्हणाली, न्हाई दिलं तर म्हणतील, यांच्या पाण्यातच खोट हाय. मग ती माझ्याकडं वळली. दुसऱ्या दिवशी मेळाव्यातली माणसं पोरापोरींना डोंगरावर झाडं ओळखायला नेणार होती. वर तांड्याच्या पलीकडं एक झरा आहे. त्याच्याइतकं चांगलं पाणी पंचक्रोशीत नाही, ही आमच्याकडची अगदी पक्की समजूत. आजारी माणसाला तेच पाणी आणून पाजायचे. माय म्हणाली, तिथलं पाणी भरून आण, आन कोणाला बोलू नको.

मी दहावीला होते. मला यात काहीच वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. मैदानावर काय काय चाललं होतं! कागदावर सूर्य पाडून त्याचे डाग दाखवत होते, तांड्यावरच्या बाया आरशांचं भरतकाम मांडून बसल्या होत्या, लहान लेकरं मातीचे बैल करत होती. मी मात्र ओढणीखाली बाटली दडवून डोंगर चढत होते. पुढं चालणारा माणूस हा मोह, हा पळस, ही चारोळी, असं सांगत होता. आम्हाला ती झाडं काय नवी होती? मी पाय मुरगळल्याचं निमित्त केलं, झऱ्याशी मागं रेंगाळले आणि बाटली भरली. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे दिसत होते. उतरल्यावर बाटली ताईच्या हातात दिली. ताई हसून थँक्यू म्हणाली, आणि त्या हसण्याचाही मला संशय आला.

शेवटच्या दिवशी सगळं गाव टेबलाभोवती जमलं. आमची गायन पार्टी आदल्या दिवशीच गाऊन गेली होती, टाळ्याही पडल्या होत्या, त्यामुळं बा जरा सैलावला होता. ताईनं बाटल्यांवरचं फडकं काढलं. आमच्या विहिरीच्या नावाची बाटली काळी कुळकुळीत झालेली.

गावच्या विहिरीची बाटली मात्र होती तशीच. ते पाणी खरंच त्या विहिरीचं होतं का, याबद्दल माझं मत मी कधी बदललेलं नाही.

सरपंच पुढं आले. माणूस बोलायला मोठा गोड, कधी आवाज चढवणार नाही. म्हणाले, कोणाचा दोष नाही, पण लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, विहिरीवर जाळी टाकून ती बंद करावी लागेल. तोवर वस्तीनं खुशाल गावच्या विहिरीवर यावं, आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही. माना डोलल्या. आमच्यातल्याही दोघातिघांनी डोलवल्या, त्यांचा मला अजून राग येतो.

माय बायांच्या घोळक्यातून वाट काढत टेबलापर्यंत गेली आणि तिनं ती काळी बाटली उचलली.

“हे आमच्या विहिरीचं पाणी न्हाई,” ती म्हणाली. “वरच्या झऱ्याचं हाय. मीच आणवलं.”

ताईनं विचारलं, का? माय म्हणाली, “तुमी विहीर बंद कराल म्हून.”

कुजबुज उठली. झऱ्याचं पाणी काळं पडलं यावर तर कुणाचा विश्वासच बसेना. ताई समजावत होती, की गावभरची गुरं त्याच उतारावर चरतात, नुसतं नितळ दिसलं म्हणून पाणी चांगलं ठरत नाही. ऐकतंय कोण? सगळे मायकडं बघत होते. खोटं पाणी देणारी बाई, असं त्यांच्या तोंडावर चक्क लिहिलेलं होतं. मला वाटलं, जमीन फाटावी आणि आम्ही दोघींनी आत जावं.

ताई मनाची चांगली निघाली, हे आता मला पटतं. ती म्हणाली, मी स्वतः विहिरीवर येते, माझ्या हातानं पाणी भरते, बाटली बरोबर नेते आणि काय निघालं ते कळवते. मायनं साफ नकार दिला. गाडीत बाटल्या बदलल्या तर? मधेच कुणी हात फिरवला तर? म्हणाली, बाटली मला द्या, मीच भरीन आन माझ्याच घरात ठेवीन. ताईनं हात टेकले, एक नवी बाटली तिच्या हातात दिली आणि जीप निघून गेली.

मायनं बाटली भरून पिठाच्या डब्यामागं ठेवली. घरातल्या कुणाला हात लावू देईना. बानं एकदा डोकावायचा प्रयत्न केला तर त्याच्यावर खेकसली. ताईनं सांगितलेली मुदत उलटली, आणखी एक दिवस गेला. पाणी जसंच्या तसं राहिलं. काळ्याचा ठिपकासुद्धा नाही. मायच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिला नाही.

त्याच दुपारी सरपंच दोन गडी आणि बैलगाडीत लोखंडी जाळी घेऊन विहिरीवर आले. सगळी वस्ती गोळा झाली. माय बाटली घेऊन धावतच गेली आणि तिनं ती सरपंचांसमोर धरली. त्यांनी ती हातात न घेताच उन्हात निरखल्यासारखं केलं.

“पाणी चांगलंच दिसून राहिलं,” ते म्हणाले. “पन हे ह्याच विहिरीचं, कशावरून?”

ताईनं भरलं असतं तर ताई साक्षीला असती. मायला स्वतःशिवाय कुणाचा भरवसा नव्हता, आणि आता तिचा भरवसा कुणाला नव्हता. तिचा हात तसाच पुढं राहिला. मी तिच्या शेजारी उभी होते, रडू येत होतं, आणि रडले तर सरपंचांना बरं वाटेल म्हणून दात आवळून धरले होते.

मायनं बाटली माझ्याकडं दिली. पोहरा विहिरीत सोडला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी ओढलं, तांब्या घासूनपुसून घेतला आणि काठोकाठ भरून सरपंचांसमोर धरला.

“आता तर बराबर ह्याच विहिरीचं हाय ना? घ्या. पहिल्यासारखं काही राहिलं न्हाई म्हनता ना? तुमी प्या, आन मग बंद करा म्हना. मी सोता जाळी टाकू लागते.”

सरपंचांनी तांब्याकडं पाहिलं. मग गड्यांकडं पाहिलं. गडी बैलांकडं बघत होते.

“आज माझा उपास हाय,” ते म्हणाले.

“उपासाला पाणी चालतं, सरपंच.”

ते हसले. धोतराचा सोगा सावरला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि तहान नाही म्हणाले. कडक ऊन होतं, घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मायनं तांब्या खाली घेतला नाही. शेवटी सरपंचांनीच गड्यांना सांगितलं, आज राहू द्या, पुढं बघू. बैलगाडी जाळीसकट माघारी गेली. पुढं कुणी ती घेऊन आलं नाही.

वस्तीतल्या बाया हसत होत्या, कुणीतरी मायच्या पाठीवर थाप मारली. विहीर वाचली होती. मी मायला म्हणाले, माय, जिंकलीस की गं.

ती विहिरीच्या काठावर बसली होती. तांब्या अजून भरलेलाच होता. मला म्हणाली, “वाटलं व्हतं, एक घोट तरी घेईल.”