दारावरच्या दोन रेघा

आता सगळे मशीनवर लाकूड तासतात. तासोत बापडे. मला जुने हातरंधे दुरुस्त करून पुन्हा चालते करायचा नाद आहे. गेल्या महिन्यात जवळा बाजारला भंगारवाल्याकडे एक सागवानी रंधा सापडला. घरी आणून, धार लावायच्या आधी, तो एका फळीवर मारून पाहिला. लाकडावर दोन रेघा उठल्या, एक जाड, एक केसाएवढी. पात्याच्या धारेला दोन खांडे पडलेले होते, एक मोठा, एक बारीक.

रेघांवरून बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. ह्या रेघा माझ्या बोटाला पाठ होत्या. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला त्या अजून आहेत. लहानपणी माझं अंथरूण दाराशी असायचं, झोप लागेपर्यंत मी त्यांवरून बोट फिरवायचो.

दार बसवलं त्या दिवशी वडील चारचौघांत सुतारमामांवर ओरडले होते, "डोळे गेले का तुमचे?"

"पात्याला खांडे पडले, मालक. घासून पुन्हा मारतो."

"काही गरज न्हाई. उचला सामान."

मामा परत गावात दिसले नाहीत.

मी फळी दाराला लावून पाहिली. दोन रेघांमधलं अंतर बराबर तेवढंच भरलं. मग पातं हातात घेऊन मी तिथंच खाली बसलो. चालत्या रंध्याचं पातं दर दोन दिवसांनी दगडावर घासावं लागतं. असले खांडे आठवड्यात झिजून जातात. हे जसेच्या तसे होते. आमच्या दारानंतर मामांनी हा रंधा चालवलाच नव्हता.