सुरंगीखालची जागा

शरच्चंद्रांची सगळी नोकरी बेंगळुरूच्या एका सरकारी संशोधन संस्थेत गेली. समुद्रापासून एवढ्या लांब बसून तीस वर्षं ते किनारेच मोजत होते. उपग्रहाची जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवायची आणि लाटांनी कुठे जमीन खाल्ली, कुठे वाळू आणून टाकली, ते पाहायचं.

त्यांची बायको श्यामला कारवारकडची. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली आणि आठव्या दिवशी गेली. बारसंही झालं नव्हतं. समुद्रालगतच्या माडांच्या बागेत, सुरंगीच्या झाडाखाली तिला पुरलं. पुढे मूल झालंच नाही. दर मे महिन्यात श्यामला माहेरी जायची, त्या झाडाखाली बसून यायची. गुडघे धरले तसं तेही थांबलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी तेच गाव शरच्चंद्रांच्या पडद्यावर आलं. गावाच्या उत्तरेला बोटींसाठी धक्का बांधला होता. तिरप्या लाटा किनाऱ्याकिनाऱ्याने जी वाळू आणत, ती आता धक्क्यापलीकडेच अडत होती. गावाला नवी वाळू मिळेना, आणि जुनी दर पावसाळ्यात वाहून जाई. समुद्र सुरंगीपर्यंत यायला पाच-सहा वर्षं, त्यांनी अंदाज बांधला. अहवाल वर पाठवला. कुणी हललं नाही. घरी मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. उद्या सांगू म्हणता म्हणता पाच पावसाळे गेले.

सहाव्या पावसाळ्यात श्यामलाच्या भावाचा, प्राणेशचा फोन आला. "अक्का, सुरंगी गेली गं. बागेचा तो कोपराच गेला."

श्यामलाने फोन ठेवला. "तुम्हाला हे दिसत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

ती म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर रांगत गेले असते. बसले असते तिच्याजवळ."

यशवंतपूरहून गाडी धरून दोघं गेली. बागेच्या तुटलेल्या कडेवर उभं राहून तिने विचारलं, "नेमकी कुठे?"

शरच्चंद्रांनी बोट केलं. दहा-बारा पावलांवर, गढूळ पाण्यात.

"तिथली वाळू कुठे जाते?"

"थोडी खोल पाण्यात. थोडी दक्षिणेला. उन्हाळ्यात काही परत येते."

"सगळी?"

"नाही."

पदर खोचून ती पाण्यात उतरली. वाकून ओंजळभर वाळू उचलली. पुढच्या लाटेने तीही नेली.

"भावजी, तिला हाक मारा!" प्राणेश ओरडला. शरच्चंद्र कडेवरच उभे राहिले. शेवटी प्राणेशनेच तिला धरून बाहेर आणलं.

श्यामला भावाकडेच राहिली. ते एकटेच बेंगळुरूला, बनशंकरीतल्या घरी परतले. शेजारच्या वसुमतीअक्कांनी ती कधी येणार म्हणून विचारलं, तेव्हा "येईल, स्वल्प दिवसांनी," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

ती दसऱ्याला आली. स्वयंपाक करते, त्यांची औषधं काढून ठेवते. एकदा धीर करून ते म्हणाले, "श्यामला, माझं चुकलं."

"चहा गार होतोय," ती म्हणाली आणि आत निघून गेली.