उत्तराच्या आधीचा आवाज

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजकाका म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर; आणि काकाही हसून 'ओ' द्यायचे. काम प्रॉम्प्टरचं. रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेतानं ठेवलेलं एक डुगडुगतं स्टूल, मांडीवर नाटकाची वही, हातात कागद गुंडाळून मंद केलेली बॅटरी. समोर उजेडात उभा असलेला नट अडला, की काकांनी शब्द द्यायचा. आख्खं वाक्य नाही, नुसता पहिला शब्द. पुढचं त्याचं तो ओढून काढतो. ओठ हलवायचे नाहीत, गळा वापरायचा नाही. शब्द श्वासावर ठेवायचा आणि श्वास नटाच्या कानाकडे सोडून द्यायचा.

नट विसरणार हे नटाच्या आधी काकांना कळायचं. मान जराशी वळली, बोटं कपड्याशी चाळा करू लागली, की समजावं, गडी गेला.

"मी विसरलो नव्हतो हो, थांबलो होतो!" एखादा मोठा नट आत येऊन खेकसायचा.

"असे थांबतात ते विसरलेलेच असतात," काका म्हणायचे. तेही कुजबुजतच.

स्वतः चारचौघांत बोलायची वेळ आली, की मात्र काकांची पाचावर धारण बसायची. लेकीच्या लग्नात 'दोन शब्द बोला' म्हटल्यावर त्यांनी माईक हातात घेतला, घाम पुसला आणि माईक जावयाच्या हातात देऊन ते खाली बसले.

ती लेक, घरातली ठकी, लग्न होऊन परदेशी गेली. तिथंच बाळंत झाली. आणि बाळ अजून मान धरत नव्हतं तेवढ्यात जावयाचा फोन आला.

"बाबा, ठकी बाळाकडे बघत नाही."

"बघत नाही म्हणजे?"

"भिंतीकडे तोंड करून पडून असते. बाळ रडून लाल झालं तरी वळत नाही. डॉक्टर म्हणतात, बाळंतपणानंतर होतं असं, औषधानं उतरेल, पण एकटं सोडू नका. मी कामावर गेलो की... काल घरी आलो तर बाल्कनीत उभी होती. नुसती उभी होती, बाबा. पण कठड्याला अगदी टेकून. आईंना पाठवाल का?"

काकूंनी फोन हिसकावून घेतला. "बाल्कनीच्या दाराला कुलूप घाल. किल्ली तुझ्या खिशात. आणि शेजारीण असेल कोणी तर तिच्या पाया पड, म्हणावं दिवसभर बसून राहा. मी येते."

काकू पाळणाघर चालवायच्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर दुसऱ्यांची पोरं. रडणारं पोर हातात आलं, की काकू त्याला पालथं घालून पाठीवरून असा हात फिरवायच्या, की त्याला आपण कशासाठी रडत होतो तेच आठवत नसे. अशी बाई, आणि तिची स्वतःची नात तिकडं पाळण्यात रडत पडलेली. 'मी येते' म्हणणं सोपं होतं. मध्ये व्हिसा होता.

गल्लीच्या तोंडाशी एजंटाचं दुकान. फोटो, झेरॉक्स, विमानाचं तिकीट, सगळं एका छपराखाली. काकूंना एकटं कसं पाठवणार, म्हणून दोघांचे फॉर्म त्यानंच भरले आणि मग खुर्ची पुढं ओढून आवाज खाली आणला.

"काकू, नीट ऐका. मुलगी आजारी आहे हे बोलायचं नाही. बाळ सांभाळायला चाललेय हे तर अजिबातच नाही. त्यांना वाटतं, फुकटची आया आणताहेत, ही काही परत जायची नाही. तुम्ही म्हणायचं, लेकीकडे उतरणार, फिरणार, देश बघणार, परत येणार. बस्स."

"पण मी फिरायला चाललेच नाहीये."

"पायानं नका फिरू. तोंडानं फिरा."

"आणि माझं पाळणाघर?"

"अहो, त्याचं तर नावच काढू नका!"

"त्यांनी ओळखलं तर?" काकांनी विचारलं.

एजंटाची फोटो कापणारी कात्री थांबली. "मग नकार. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला तर काम झालं. खिडकीखालच्या फटीतून परत आला, तर संपलं. आणि एकदा नकार लागला, की पुढच्या वेळी तो आधी बोलतो, तुम्ही नंतर."

त्या दिवसापासून काकांना जेवताना, अंघोळ करताना, जिना चढताना ती फटच दिसू लागली. त्यांना एकच इलाज ठाऊक होता. तालीम.

दोरीवर पंचा टाकून त्यांनी खिडकीची काच केली. ते पलीकडे, काकू अलीकडे, काकूंच्या कडेवर एक शेंबडं पोर.

"कशासाठी जाताय?"

"ठकीसाठी."

"फिरायला!"

"हां, फिरायला. ठकीसाठी फिरायला."

"नुसतं फिरायला. बरं, काय काय बघणार?"

"ठकीचं तोंड."

काकांनी पंचा बाजूला सारला. "अगं, एक शब्द इकडचा तिकडे झाला ना, तर दोघंही इथंच बसू. कळतंय का तुला?"

"मला खोटं पाठच होत नाही, त्याला मी काय करू? जीभ जड होते माझी." काकूंचे डोळे भरून आले होते, पण पोराचं नाक पुसायच्या निमित्तानं त्यांनी ते लपवले. "परत घ्या. विचारा."

पुन्हा घेतलं. पुन्हा घोडं तिथंच अडलं. शेवटी काका म्हणाले, "असू दे. मी आहे ना शेजारी."

मुलाखतीच्या दिवशी दारातच फोन काढून घेतले. आत लांबलचक खोली, ओळीनं खुर्च्या, समोर काचेच्या खिडक्या. प्रत्येक खिडकीत बारीक माईक, खाली एक फट, आणि जमिनीवर पिवळी रेघ. रेघेच्या अलीकडे थांबायचं, बोलावलं की पलीकडे जायचं. काका माणसांकडे बघतच नव्हते. ते फटींकडे बघत होते. एका कॉलेजातल्या मुलीचा पासपोर्ट आत राहिला. ती तोंडावर हात दाबून पळाली. त्यांच्याच वयाच्या एका जोडप्याचे दोन्ही पासपोर्ट सर्रकन बाहेर आले. त्या गृहस्थांनी ते उचललेच नाहीत. बाईंनी उचलले, पुसले आणि नवऱ्याच्या कोपराला धरून त्यांना वळवलं.

"तिकडं बघू नका," काकू म्हणाल्या. "हात गार पडलेत तुमचे."

मग त्यांचा नंबर लागला.

खिडकीमागं एक परदेशी बाई, चष्मा केसांवर चढवलेला. शेजारी आपली भाषा बोलणारा तरुण दुभाष्या, सर्दीनं बेजार. नाव झालं. मुलं किती झालं. जावई काय करतात झालं. बाई मान डोलवत होती. आणि मग दुभाष्यानं नाक ओढून विचारलं, "कशासाठी जाताय?"



काकांना दिसलं. काकूंची मान जराशी वळली. बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागली. पुढं जे झालं ते काकांनी केलं असं म्हणता येणार नाही. ते आयुष्यभराच्या सवयीनं केलं. ओठ न हलवता, श्वासावर.

*फिरायला.*

"फिरायला," काकू म्हणाल्या.

"काय बघणार?"

*समुद्र.*

"समुद्र."

"अजून?"

*डोंगर.*

"डोंगर."

बाईनं पेन खाली ठेवलं. दुभाष्याशी काहीतरी बोलली. दुभाष्यानं आधी काकूंकडे, मग काकांकडे पाहिलं.

"मॅडम विचारताहेत, काकूंचं उत्तर यायच्या आधी उत्तर कुठून येतंय?"

 पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला जे आजवर कधी ऐकू गेलं नव्हतं, ते या पाव बोटाच्या माईकनं पकडलं होतं.

"श्वाससुद्धा ऐकू येतो आत, काका," दुभाष्या हळूच म्हणाला. "तुम्ही रेघेमागं थांबा. काकू एकट्या बोलतील."

काका रेघेमागं उभे राहिले. तिथून काही ऐकू येत नव्हतं, दिसत होती फक्त काकूंची पाठ. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच समोर कुणीतरी बोलत होतं आणि पुढचा शब्द काय, हे काकांना ठाऊक नव्हतं. काकू आधी अडखळल्या, ते खांद्यांवरून कळलं. मग सुटल्या. मग त्यांनी एक हात आडवा करून छातीपर्यंत उंच धरला. डोंगर, काकांच्या मनात आलं. डोंगर किती उंच ते दाखवतेय. बरोबर बोलतेय, ठरल्याप्रमाणे बोलतेय! 

काकूंना मागं पाठवलं, काकांना पुढं बोलावलं. मध्यावर दोघं समोरासमोर आली. काकूंनी तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," रखवालदार मध्ये आला.

"तुम्ही कशासाठी जाताय?" दुभाष्यानं विचारलं.

"फिरायला." आवाज फुटलाच नाही.

"मोठ्यानं बोला."

"फिरायला! समुद्र, डोंगर." हे इतक्या मोठ्यानं आलं, की खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली.

 मग बाईनं विचारलं आणि दुभाष्यानं सावकाश, एकेक शब्द निवडून सांगितलं, "तुमच्या मुलीची तब्येत कशी आहे?"

 हे का विचारताहेत? सहज? की सापळा? ती ठरलेलं बोलली असेल आणि मी दुसरंच बोललो, तर दोघंही बुडू. ठरलेलं ते ठरलेलं. आयुष्यभर त्यांनी वहीबाहेरचा शब्द कुणाला दिला नव्हता.

"उत्तम," काका म्हणाले. "एकदम उत्तम आहे."

बाईनं दोन्ही पासपोर्ट उचलले आणि ती आतल्या दारानं निघून गेली.

दोघांना खुर्च्यांवर बसायला सांगितलं. काकू पुढं वाकल्या.

"काय सांगितलंस तू?" काकांनी विचारलं.

"खरं ते."

"सगळं?"

"सगळं. बाल्कनीचा कठडा केवढा आहे तेसुद्धा दाखवलं, फोनवर बघितला होता ना. पाळणाघराचंही सांगितलं. म्हटलं, जगाची पोरं सांभाळते मी, माझी पोर कोण सांभाळणार? तुम्ही सांभाळता का, सांगा."

"असं म्हणालीस त्या बाईला?"

"मग काय करू? तुम्ही काय सांगितलंत?"

 "मी म्हणालो, ठकी उत्तम आहे."

 "असं कसं म्हणालात हो?"

"तू ठरलेलं बोलशील असं वाटलं."

"लग्नाला इतकी वर्षं झाली. मी कधी ठरलेलं बोललेय?"

एरवी यावर दोघंही हसली असती. काकूंचे ओठ हललेही, पण हसू काही आलं नाही. काकांच्या डोळ्यांसमोर ते बाल्कनीचं दार येत होतं. जावई किल्ली आठवणीनं खिशात टाकत असेल ना? शेजारीण नेमकी आजच भाजी आणायला गेली असेल तर? आपण इथं खोटं बोलून बसलो, आणि तिकडं... पुढचं त्यांनी मनातही येऊ दिलं नाही. समोर खिडक्यांवर माणसं येत होती, जात होती. सर्रकन पासपोर्ट बाहेर येई, आणि दर वेळी काका दचकत.

पुन्हा बोलावलं. दोघांना एकत्र. बाईच्या एका हातात एक पासपोर्ट होता, दुसरा फटीच्या अगदी काठावर ठेवलेला. कुठला कुणाचा, कळत नव्हतं.

"मॅडम विचारताहेत," दुभाष्या म्हणाला, "तुमच्या दोघांची उत्तरं वेगळी आहेत. खरं कोण बोललं?"

काकू काही म्हणणार इतक्यात काका बोलले. "ती. मी खोटं बोललो. पोरगी बरी नाही आमची. माझीच तालीम, मीच पढवलं हिला, हिचा काही दोष नाही."

"खोटं का बोललात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची," काका म्हणाले. "आणि पोरीची. तुम्ही पाठवलं नाहीत, तर तिचं काय होईल याची. मला नाही सोडलंत तरी चालेल. मी जाऊन तरी काय करणार, मला बाळ धरताही येत नाही. हिला सोडा. हिला येतं."

दुभाष्यानं सांगितलं. बाईनं चष्मा केसांवरून काढून डोळ्यांवर लावला, काकूंकडे पाहिलं, मग टाइप करत बसली. किती वेळ ते काकांना कळलं नाही. मग काठावरचा पासपोर्ट सर्रकन बाहेर आला. काकांनी उघडला. आत त्यांचाच फोटो होता.

"काकू जाऊ शकतात," दुभाष्या म्हणाला. "तुमचं या वेळी नाही, काका."

बाहेर रस्त्यावर आल्यावर काकू पहिल्या कट्ट्यावरच बसल्या.  

"मी एकटी?" काकू म्हणाल्या. "अहो, मी शहराबाहेर कधी एकटी गेले नाही. मध्ये विमान बदलावं लागतं म्हणे. चुकीच्या विमानात बसले तर?"

"बसू देत नाहीत तसं."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही बसलाय कधी?"

 काकांनी दारात परत मिळालेला फोन काढून लेकीच्या घरी लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. काकूंनी त्यांचं मनगट धरलं, बांगड्या रुतेपर्यंत. तिसऱ्यांदा लावल्यावर कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. मागं बाळ रडत होतं.

"कोण आहे? ठके?"

"हं." खोल विहिरीतून यावा तसा आवाज.

"एकटी आहेस का गं? शेजारची बाई कुठंय?"

"आत आहे. बाळाला झोपवतेय."

"ठके, आईला व्हिसा मिळाला. आई येतेय."

पलीकडे नुसतं रडणं, बाळाचं. मग ठकीनं विचारलं, "कधी?"

काकूंनी फोन ओढून घेतला. "आता. तिकीट काढायलाच चाललेय, हे बघ, उठलेसुद्धा. तू फोन ठेवू नकोस. नुसती धरून बस. बोलली नाहीस तरी चालेल, मी बोलते." आणि फोन कानाला लावून, पिशवी काखेत मारून काकू तरातरा चालू लागल्या.

तिकिटाचं दुकान उलट्या बाजूला होतं. काका त्यांच्या मागं धावले.