विहिरीत न पडलेला दगड

परवा आसेगावात, आमच्याच घरामागच्या विहिरीवर माझी अशी फजिती झाली, की अजून शेजारणीपुढे मान वर होत नाही.

आमचे धाकटे भाऊजी नागपूरला कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकतात. हसू नका, असतं तसं. या सुट्टीत चित्र काढायला म्हणून प्रोफेसरांचा एक दगड मागून आणला होता... सुट्टी संपली की परत द्यायचा. काठियावाडच्या समुद्रकाठचा वाळूचा दगड, आणि त्याच्या अंगावर दोन शिंपले. कोण्या काळी ओल्या वाळूत रुतले, वाळूचा दगड झाला तसे तेही दगड झाले, असं भाऊजींनी सगळ्या घराला बसवून सांगितलं.

मी ऐकलं... पण माझं लक्ष त्या खरबरीत अंगाकडे. ज्वारीची सोंगणी तोंडावर आलेली, आणि आमच्याकडच्या काळ्या दगडावर विळा नुसता घसरतो.

भाऊजी मंगरूळला मित्राकडे गेले, तेव्हा हळूच एक विळा घासून पाहिला. अशी धार लागली म्हणता... मग दुसरा घासला. एक शिंपला सपाट झालेला दिसला, तरी दुसरा आहे ना, अशी मनाची समजूत घातली. शेजारच्या गंगाबाईंनी दगड मागितला, तोही मोठ्या मनानं देऊन टाकला.

भाऊजी आले आणि दगड कुठे म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "विहिरीवर धुवाले नेला होता, भाऊजी. हातातून सुटला."

वाटलं, चरफडतील आणि गप्प बसतील. त्यांनी धोतर खोचलं, कमरेला दोर बांधला आणि उतरले... पौषातलं पाणी ते. बुडी मारायचे, मूठभर गाळ घेऊन वर यायचे, चाचपायचे, पुन्हा खाली. मी काठावरून "राहू द्या ना" एवढंच म्हणत राहिले. खरं काही जिभेवर येईना.

"लोकाची वस्तू हाय, वयनी. वापस तं द्याच लागन," ओठ निळे पडले होते त्यांचे.

तेवढ्यात गंगाबाई आल्या. हातात दगड, धुऊन पुसून. "घ्या वो बाई. साऱ्या आळीचे विळे पाजवले, लय गुनाचा हाय."

भाऊजी कुडकुडत वर आले. दगडावरून अंगठा फिरवला... दोन्ही शिंपले गेलेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंग मले वर काहून नाई बोलावलं?" एवढंच विचारलं.



काल ते गेले. प्रोफेसरांना सांगणार आहेत, दगड आपल्याच, म्हणजे भाऊजींच्याच, हातून घासला गेला म्हणून. कारंज्याची आगगाडी गाठायला बैल जुंपले, आणि निघताना भाऊजी नेहमीसारखे माझ्या पाया पडायला वाकले... आशीर्वाद काही तोंडातून निघाला नाही. पाय तेवढे आपोआप मागे सरकले.