चौखुंट्याचा माग

माणसाला कशाचा गर्व असावा, याला काही धरबंध नाही. कुणाला पोराच्या पॅकेजचा असतो, कुणाला घरावर चढवलेल्या मजल्याचा. धनगरवाड्यावरच्या गेणूला चिखलाचा गर्व होता. म्हणजे चिखलात उमटलेल्या पावलांचा. डोंगरातल्या कुठल्याही ओल्या मातीपाशी त्याला नेऊन उभं करा. तो उकिडवा बसणार, तंबाखूची पिंक मागापासून लांब टाकणार आणि सांगणार, "तरस हाय. मादी. पोटुशी." आता तरसाच्या दिवसांची खात्री करायला त्याच्यामागे जाणार कोण? त्यामुळे गेणू उभ्या जन्मात कधी चुकला नाही.

पण एक नियम त्यानं कडक पाळला. डोळ्यांनी माग बघितल्याशिवाय जनावराचं नाव घ्यायचं नाही. "तोंडी माग सांगू नगा," तो म्हणायचा. "तोंडात वाघ सशाएवढा बी ऱ्हातोय आन् हत्तीएवढा बी."

धनगरवाडा म्हणायचा तो आता सवयीनं. एकेक घर डोंगर उतरून पिरंगुटला, उरवड्याला गेलं आणि मागं कुलपं राहिली. गेणूची मेंढरं विकली गेली. बायको रंभाबाई वारली. मुलगा मल्हार कारखान्यात लागला आणि बायकोला, करिष्माला घेऊन उरवड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेला. वर उरला गेणू आणि एक शेळी, जिच्याशी त्याचं फारसं पटत नसे.

तरी दिवसात एक गोष्ट घडायची. खालच्या गावातली गंगूबाई दोन-चार बायकांना घेऊन सरपणाला वर यायची आणि जाताना गेणूच्या अंगणात चहाला टेकायची. गेणूचा अर्धा दिवस त्या चहाची वाट बघण्यात जायचा आणि उरलेला अर्धा त्या वेळी कोण काय बोललं ते शेळीला सांगण्यात.

"भावजी, ह्यो चहा हाय का भांडी इसळल्यालं पाणी?" गंगूबाई विचारायची.

"वैनी, शेळीला इचारा. दूध तिचं हाय."

"शेळी खरं बोलंल. तुमचा भरवसा न्हाई."

एवढ्यावर गेणूचं पोट भरायचं.

मग श्रावणात तो शेवाळलेल्या कातळावरून घसरला. मल्हारनं त्याला पौडला डॉक्टरकडे नेलं, तिथून उरवड्याला आणलं, आणि एके दिवशी मेडिकलमधून काठी घेऊन आला. स्टीलची, खाली चार पाय, चारी पायांना काळे रबरी बूट. ज्यानं सगळी हयात काठी खांद्यावर आडवी टाकून काढली, त्याला आता काठीनं फिरवायचं! गेणूनं तिच्याकडे नवी सवत आल्यासारखं बघितलं. "माज्यापरीस हिलाच पाय जास्त," तो म्हणाला.

मल्हारनं अट घातली. "आबा, काठीबिगर चालता आलं तर वर ऱ्हावा. न्हाईतर हितंच ऱ्हायचं. मग हट्ट न्हाई. शब्द द्या."

गेणूनं शब्द दिला. काही दिवसांनी दात आवळून, त्यालाच हसू म्हणून दाखवत, तो भिंतीपासून दारापर्यंत काठीशिवाय चालून गेला. "बग, हरणावाणी!" मल्हारनं त्याला प्लॉटवाल्यांच्या कच्च्या रस्त्यानं मोटारसायकलवर वर सोडलं. मधे घोंगडीची मोठी गुंडाळी होती. घोंगडीत काठी होती. करिष्मा ती काठी पुढं बरेच दिवस घरात शोधत होती म्हणतात.

वर आल्यावर गेणूचा नवा संसार सुरू झाला. सकाळी कुणी नसताना चार पायांच्या काठीनं झऱ्यावर जायचं, किटलीभर पाणी आणायचं, आणि बायका यायच्या आधी काठी बाजेखाली पोत्यात ढकलून ओट्यावर राजासारखं बसायचं. चहा आता गंगूबाईच करायची. "म्हातारा लई लाडावलाय," ती म्हणायची, पण करायची.

झऱ्याकाठी त्या दिवसांत पोटरीएवढा चिखल असतो. रंभाबाईचे पाय रुतू नयेत म्हणून गेणूनं कधीकाळी तिथं दगड मांडले होते. तो त्या दगडांवरून चालायचा आणि काठी बाजूच्या चिखलात टेकायचा. पावलं दगडांनी लपवली. काठीचं काय होतंय, हे माग काढण्यात म्हातारा झालेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्याचा माग काढणाऱ्याला स्वतःचा दिसत नाही, तो असा.

तो दिसला खालच्या गावातल्या कैलासला. कैलासनं थोडी जमीन विकून उरलेलीवर कॅम्पिंगचे तंबू ठोकले होते. तंबूंसाठी झऱ्यावरून पाइप टाकता येईल का, हे बघायला तो गेला आणि तसाच धावत गेणूच्या अंगणात आला. बायका चहा पीत होत्या.

"मामा, चला! असलं पाऊल जन्मात बगितलं न्हाई. चार गोल खड्डे, चौकोनात. आन् एकाच रांगेत!"

"म्हंजी?" गंगूबाईनं विचारलं.

"म्हंजी काकू, एकाच पायाचं जनावर हाय. लंगडी घालत गेलंय!"

बायका एकमेकींना चिकटून बसल्या. गेणूनं चोरून बाजेकडे बघितलं. बाजेखालचं पोतं त्याला एकदम उंटाएवढं दिसायला लागलं.

"उठा मामा, दाखवतो."

उठायचं कसं? उठायचं तर जनावर बरोबर घेऊनच उठावं लागणार.

"मोबाईलात दाव," गेणू म्हणाला.

गंगूबाईनं कप खाली ठेवला. "मोबाईलात? तुमी?"

गेणूनं फोटो लांब धरला, जवळ धरला. त्यात स्वतःच्या काठीचे रबरी बूट त्याला लख्ख दिसत होते. खरं बोलावं तर मल्हार उद्या दारात. खोटं बोलावं तर आजवरच्या नावाला बट्टा. अंगणातले सगळे डोळे त्याच्याकडे लागलेले, आणि जीभ तर काय, बिनहाडाची.

"चौखुंट्या," तो म्हणाला.

"काय?"

"चौखुंट्या. जुनं जनावर हाय. माज्या आज्यानं बगितल्यालं. गरीब असतंय बिचारं, कुणाच्या वाटंला जात न्हाई."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. नाव मिळालं की जनावर आपोआप वाढतं. संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर वासराएवढं झालं, सकाळपर्यंत त्यानं पलीकडच्या वाडीतली कोंबडी खाल्ली. कैलासनं 'चौखुंट्या पॉइंट' असा बोर्ड रंगवला. आणि बायकांनी रानात यायचं बंद केलं.

गेणू ओट्यावर बसायचा. चहाचं आधण ठेवायचा, आटलं की पाणी घालायचा, पुन्हा ठेवायचा. पायवाटेवर कुणी नाही. नंतर नंतर त्यानं काठी लपवणंही सोडलं. कुणापासून लपवायची? शेळीला सगळं माहीतच होतं. रंभाबाई गेली तेव्हासुद्धा अंगणात इतका शुकशुकाट नव्हता. तेव्हा निदान रडायला माणसं आली होती.

मग मल्हारचा फोन आला. "आबा, जनावर फिरतंय म्हणं तिकडं. रविवारी न्यायला येतोय."

"तसलं काय न्हाई रं!"

"काय न्हाई कसं? तुमीच तर वळखलंय. अन् तुमचं कवा चुकलंय का?"

जन्मभर कमावलेली अब्रू अशी अंगावर आली होती. खरं सांगितलं तरी खाली जायचं होतं, खोटं टिकवलं तरी खाली जायचं होतं. फरक एवढाच, की तो गेल्यावरही चौखुंट्या वरच राहणार होता आणि त्याच्या भीतीनं बायका सरपणाला मुकणार होत्या.

शनिवारी गेणूनं काठी घेतली आणि उजेडी, सगळ्यांच्या देखत डोंगर उतरायला लागला. देखायला अर्थात कुणीच नव्हतं. बसत, उठत, काठीला शिव्या देत तो गंगूबाईच्या घरी पोचला आणि सरळ अंगणात शिरला.

"कोण रं त्यो? आत्ता सारवलंय, डोळं फुटलं का?" गंगूबाई शेणाच्या हातानं बाहेर आली आणि थबकली. ओल्या सारवणावर चार गोल खड्डे, चौकोनात. पुन्हा चार. पुन्हा चार. ती नजरेनं माग काढत काढत गेणूच्या मुठीपर्यंत आली.

"भावजी... ह्येच का ते?"

"ह्येच."

"अन् गरीब असतंय म्हणं!"

"गरीबच हाय वो. पर मलाच गिळाय निघालंय."

गंगूबाई उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड खुपसून हसली. इतकी हसली की डोळे पुसताना शेण गालाला लागलं. मग एकदम भडकली. "मेल्या, ह्याच्यापायी मी इतकं दिस गॅसवर भाकरी भाजल्या! मला सांगायला काय धाड भरली हुती? म्या मल्हारला सांगितलं असतं का?"

"तुमी न्हाई. पर वैनी, तुमच्या पोटात काय ऱ्हातंय का?"

गंगूबाईनं प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

तिन्हीसांजेला सगळ्या गावाला कळलं. रविवारी मल्हार आला. तो ओरडला नाही, आणि ते गेणूला जास्त लागलं. "शब्द दिला हुता आबा," एवढंच तो म्हणाला. गेणूनं वरून आणवलेली शेळी गंगूबाईच्या खुंट्याला बांधली आणि मोटारसायकलवर बसला. काठी या वेळी घोंगडीत नव्हती.

उरवड्यात त्याचं सगळं बरं चाललं आहे. करिष्मा वेळेवर जेवायला वाढते. चहाही चांगला असतो, चहाला नावं ठेवायला कुणी नसतं. तो दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतो. अंगणात सिमेंट, जिन्यात फरशी, पुढं डांबर. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात तेव्हा माणसांचे लोंढे जातात, पण माग एकाचाही उमटत नाही.

बायका आता पुन्हा रानात जातात. गेणूच्या ओट्यावर टेकतात आणि लगेच उठतात. कैलासचा बोर्ड मात्र अजून आहे. परवा लवळ्याच्या कॉलेजची पोरं-पोरी झऱ्याकाठी वाकून काहीतरी शोधत होती. गंगूबाई मोळी घेऊन चालली होती, तर एका पोरीनं तिला अडवलं.

"मावशी, इथे तो चौखुंट्या असतो ना? ट्रॅक्स कुठेच दिसत नाहीत."

"कसं दिसतील? गेलं की ते. उरवड्याला ऱ्हातंय आता."

पोरं चपापली. "मावशी, डेंजरस आहे का? चावतं का?"

"छ्या. दात कुटं ऱ्हायल्यात त्याला!" गंगूबाईनं मोळी डोक्यावर सारखी केली. "बोलतंय लई. हितं असताना आमच्यासंगं बोलायचं. तितं कुणासंगं बोलत आसंल, देव जाणे."